घराणं नसलेलं मेंडोलिन

या देशात वस्तूलासुद्धा आधी विचारतात, तू कुणाची? सतार मिरजेची म्हटली की जाणकार मान डोलावतो. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरकडचा म्हटला की भाव वाढतो. माणसाचं तर काय सांगावं! आधी आडनाव. आडनावावरून पत्ता लागला नाही तर गाव. गावावरून लागला नाही तर गावातली आळी. आळी कळली की समोरच्याचा चेहरा बदलतो. तो बदललेला चेहरा वाचण्यातच आपल्या पिढ्या गेल्या.

मी इथं एका मेंडोलिनबद्दल लिहिणार आहे. दोस्त म्हणतील, एवढी कंत्राटी पोरं कामावरून निघतायत, एवढे अत्याचार होतायत, आणि हा गडी वाद्यावर लिहायला बसला. थांबा जरा. वाद्याच्या पोटात आपलाच इतिहास चिकटवलेला आहे. चिकटवलेला हा शब्द मी जाणून वापरतोय.

पुण्यात मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो. तिथल्या चौकाला शाहीर अमर शेखांचं नाव आहे. अण्णा भाऊ साठे, गवाणकर आणि अमर शेख यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं केलं, आणि कामगारांच्या वस्त्या त्या आवाजाने हलवल्या. त्याच चौकाजवळ ताडपत्रीवर पान्हे, बंद पडलेले मिक्सर, एका पायाचे बूट आणि त्यांच्यात ते पडलं होतं. विकणारा म्हणाला, “बच्चों का गिटार है, ले जाव.” सहाशे रुपये. मी म्हणालो, गिटार नाही, हे मेंडोलिन. तो म्हणाला, “जो भी है, छे सौ.” नावाचं त्याला काही पडलेलं नव्हतं, आणि खरं सांगतो, ते मला बरं वाटलं.

आठ तारांपैकी दोन उरलेल्या, त्याही गंजून लाल. तबलीला, म्हणजे वरच्या फळीला, मधोमध अकरा सेंटिमीटरची चीर. मागची फळी खालच्या बाजूने उसवलेली. तारा ज्यावर टेकतात ती घोडी दोन तुकड्यांत. आतमध्ये, भोकातून पाहिलं तर, लेबलच्या जागी फिकट चौकोन. लेबल कसरीने खाल्लं, का कुणी ओरबाडून काढलं, कोण जाणे. मालकाचं नाव, कारखान्याचं नाव, गाव, साल, सगळं त्या चौकोनात होतं आणि आता चौकोन तेवढा उरला होता.

पुण्यातल्या वाद्यांच्या एका दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने हातातही घेतलं नाही. काउंटरवर ठेवलेलंच बघितलं आणि म्हणाला, “ह्याला काही घराणं नाही हो. दुरुस्तीला पैसे घालू नका. चिनी नवीन मिळतात.” मग माझ्याकडे, माझ्या कंपनीच्या शर्टाकडे बघून म्हणाला, “तुम्हाला कशाला पाहिजे?”

घराणं नाही! हा शब्द घेऊन मी निगडीच्या बसमध्ये बसलो. त्याने हातात घेऊन पाहिलं असतं, दांडी वाकलीय, लाकूड सडलंय असं काही सांगितलं असतं, तर मी मान्य केलं असतं. त्याने वाद्य पाहिलंच नव्हतं. नाव शोधलं, सापडलं नाही, आणि निकाल दिला.

मी रोलिंग मिलमध्ये काम करतो. तापलेला लाल लोखंडाचा रूळ रोलरमधून निघतो आणि आम्ही तो मोजतो. लोखंड कुठल्या खाणीतलं हे आम्ही विचारत नाही. जाडी किती, सरळ आहे का, भेग आहे का, एवढं बघतो. लोखंडाला बोलतं करायचं तर असंच विचारावं लागतं. मी ठरवलं, मेंडोलिनलाही असंच विचारायचं. नाव नाही ना, मग काम बघू. ज्या हातांनी हे केलं त्या हातांनी खुणा ठेवल्याच असणार.

आधी वाद्याची थोडी माहिती देतो, कारण वस्तीत बऱ्याच जणांनी विचारलं. मेंडोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. एका जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुराला लावायच्या. एकटी तार लवकर मावळते, जोडी वाजवली की आवाज दाट होतो, आणि नखी भराभर खालीवर फिरवली की सूर तुटत नाही. जुनं मेंडोलिन इटलीतल्या नेपल्सचं. त्याची पाठ वाटीसारखी गोल, पट्ट्यापट्ट्या जोडून केलेली. अमेरिकेत ऑरविल गिब्सन नावाच्या कारागिराने व्हायोलिनसारखी कोरलेली तबली आणि पाठ लावायची रीत काढली आणि १८९८ साली तिचं पेटंट घेतलं. स्वस्तातल्या वाद्यांत कोरत बसायला कुणाला वेळ? सपाट फळी कापायची आणि चिकटवायची. आमचं असलं, सपाट पाठीचं.

हे आपल्याकडे नवं नाही. ‘संगदिल’ (१९५२) आणि ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) या चित्रपटांचे संगीतकार सज्जाद हुसेन मेंडोलिनवर राग वाजवायचे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर मराठी घरातले. विलेपार्ल्याच्या गरीब वस्तीत वाढले, वडील लवकर गेले, शाळा सुटली, आणि त्या पोराने मेंडोलिन वाजवून घराला हातभार लावला. तिकडे आंध्रच्या यू. श्रीनिवास यांनी (१९६९–२०१४) लहान वयातच कर्नाटक संगीताच्या मंचावर विजेवरचं मेंडोलिन नेलं. बाहेरचं वाद्य, इथल्या रागाला चालायचं नाही, असं म्हणणाऱ्यांनी पुढे त्यालाच टाळ्या दिल्या.

आता खुणा.

पहिली खूण स्क्रू. तारा पिळायच्या खुंट्या दोन पितळी पट्ट्यांवर बसवलेल्या असतात. डाव्या पट्टीचे स्क्रू एका चिरेचे, उजव्या पट्टीचे फुलीचे. फुलीचे स्क्रू जगात १९३० नंतरच्या दशकात आले. तेव्हा उजवी बाजू कुणीतरी नंतर बदललेली. एका चिरेचे स्क्रू मात्र आजही मिळतात, म्हणून डाव्या बाजूवरून जुनेपणाचा दाखला देता येत नाही. पुरावा जेवढं बोलतो तेवढंच ऐकायचं.

दुसरी खूण माप. वरच्या टोकाच्या अटीपासून बाराव्या पडद्यापर्यंत व्हर्निअरने मोजलं. १७५ मिलिमीटर. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणजे वाजणारी तार ३५० मिलिमीटर. नेपल्सच्या जुन्या मेंडोलिनची तार साधारण ३३०ची. अमेरिकन मापाची ३५०च्या आसपास. म्हणजे ज्याने हे केलं त्याच्यासमोर नमुना अमेरिकन घाटाचा होता.

तिसरी खूण पॉलिश. कोपऱ्यात न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा फिरवला. रंग बोळ्यावर उतरला आणि बोट चिकटलं. लाखेचं पॉलिश. ही लाख म्हणजे किड्याने पळसाच्या, कुसुमाच्या, बोरीच्या फांदीवर सोडलेला चीक. झारखंड-छत्तीसगडच्या आदिवासी बाया-माणसं ती खरवडून गोळा करतात. एके काळी हिंदुस्थानातूनच ती जगभर जायची. युरोपातल्या कितीतरी वाद्यांवर जी चकाकी आहे तिच्याखाली इथल्या आदिवासींची नखं आहेत. लेबलवर ते नाव कधीच नव्हतं.

चौथी खूण लाकूड. भोकाच्या कडेवर लाकडाच्या रेषा वरून खाली सरळ उतरल्यात. म्हणजे तबली प्लायवूडची नाही, अख्ख्या लाकडाची. रेषा मात्र विरळ आणि वाकड्या, हलक्या प्रतीचं लाकूड. पाठ तांबूस, तुणीसारखी. सतारीला लावतात तसलं लाकूड. पडदे पितळेचे.

पाचवी खूण मला एकट्याला सापडली नसती. मोबाइल भोकातून आत घालून फोटो काढला, तर पाठीच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने काढलेला आकडा. इंग्रजी आठ. खाली आणखी एक खूण, मला न वाचता येणारी. मी फोटो मिलमध्ये नेला. आमच्या पाळीला बंगालचा एक मजूर होता, ठेकेदाराचा माणूस. जेवणाच्या सुट्टीत त्याला दाखवला. तो हसला. “आठ नाही. हा आमचा चार. बांगला चार.” बंगालीत चारचा आकडा इंग्रजी आठसारखा दिसतो हे मला त्या दिवशी कळलं. खालची खूण बंगाली सात. चार-सात. सुताराने एका घाण्यातल्या फळ्या मिसळू नयेत म्हणून टाकलेला नंबर.

म्हणजे कलकत्ता, किंवा कलकत्त्याकडच्या कुणा मिस्तरीचा हात. कलकत्त्यात स्वस्त गिटारं-मेंडोलिनं खूप बनत आलीत. तिथल्या ब्रँडांची नावं बघा, गिवसन, हॉबनर. गिब्सन आणि होनर या बाहेरच्या मोठ्या नावांत एकेक अक्षर बदललेलं. बाजारात उभं राहायला मोठ्या नावाची सावली घ्यावी लागते, हे आपल्या लोकांना कुणी शिकवायला नको. आपल्यातल्या किती जणांनी भाड्याची खोली मिळावी म्हणून दारावरची पाटी बदलली!

आणि आकडा वाचून दाखवणारा तो? त्याचं आधार कार्ड, मतदान कार्ड, गावच्या पंचायतीचा कागद, तिन्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून कायम खिशात. झोपतानासुद्धा उशाखाली. २०२५ साली बंगाली बोलणाऱ्या मजुरांना ठिकठिकाणी उचललं गेलं. मुंबईच्या बाजूला कामाला असलेल्या पश्चिम बंगालच्या काही जणांना तर बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकललं आणि मग परत आणावं लागलं. तो मला म्हणाला, “भाई, तेरे बाजे का तो कागज फट गया, फिर भी उसको कोई पुलिस नहीं पूछता.” मी काय बोलणार?

मित्रांनो, मूळ विचारण्याचे दोन प्रकार आहेत. एक, हातात घेऊन, मापून, वास घेऊन विचारणं, हे कुणी केलं, कसं केलं? त्यातून कामाची इज्जत कळते. दुसरं, हात न लावता विचारणं, तू कुणाचा? त्यातून फक्त किंमत ठरते, आणि दार उघडायचं की लावायचं ते ठरतं. मी मेंडोलिनला पहिला प्रश्न विचारला. आपल्याला सगळीकडे दुसरा विचारला जातो.

आता चिकटवण्याकडे येतो.

उसवलेल्या पाठीच्या कडेला जुन्या डिंकाचा तांबूस, काचेसारखा थर होता. ओलं बोट चोळलं, तर चिकट झाला आणि वास आला. चामड्याचा वास. वस्तीत एक म्हातारे बाबा आहेत. तरुणपणी जलशात ढोलकी वाजवायचे. त्यांना दाखवलं. नाकाला लावून म्हणाले, “सरस हाय ह्यो. आमच्या येळंला पेटीबी ह्यानंच चिकटवायचे.”

सरस कशाचा बनतो? जनावराच्या कातड्याचे तुकडे, शिरा, हाडं शिजवून. आता साखळी लावा. गावातलं ढोर मेलं की ते ओढायचं काम महाराचं. कातडं कमवायचं काम ढोराचं. चामड्याचं काम चांभाराचं. उरलेल्या कातरणाचा सरस. तो सरस सुताराकडे, वाद्य करणाऱ्याकडे. त्या सरसाने सतार चिकटली, पेटी चिकटली, व्हायोलिन चिकटलं. वाद्य देवळात गेलं, दरबारात गेलं, सभागृहात गेलं. मेलेलं ढोर ओढणारा माझा आजा बाहेर राहिला. त्याने ओढलेलं कातडं आत जाऊन गाणं धरून बसलं होतं आणि तो वेशीबाहेर.

बाबासाहेबांनी १९२७च्या मार्चमध्ये महाडला सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस खाणं सोडा, हलकी समजली जाणारी कामं सोडा. लोकांनी सोडलं. मार खाल्ला, बहिष्कार सोसला, पण सोडलं. ते बरोबरच होतं. ते काम आमच्या कपाळावर जन्माने मारलं होतं आणि त्याची मजुरी होती शिळी भाकर. पण सोडताना कुणी असं म्हणू नये की त्या कामात अक्कल नव्हती. कातडं कधी सोलायचं, कसं ताणायचं, सरस कितपत तापवायचा, हे सगळं शास्त्र होतं. शास्त्र आमचं, आणि विटाळही आमचाच!

हे फक्त आपल्याकडचं नाही. मृदंगम बनवणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांवर टी. एम. कृष्णा यांनी ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिलं. २०२० साली चेन्नईत त्याच्या प्रकाशनासाठी कलाक्षेत्राने आधी दिलेली जागा नंतर नाकारली. गाईच्या कातड्यावर थाप मारून उभं राहिलेलं संगीत चालतं, पण कातडं कुणाच्या हातचं हे छापलेलं चालत नाही.

शुद्ध-अशुद्धचा हा खेळ वाद्यांशी जुनाच आहे. पेटी बघा. युरोपातून आलेली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती जमिनीवर बसून हाताने भाता मारून वाजवता येईल अशी केली. सत्यशोधकांच्या, आंबेडकरी जलशांच्या पुढे ती बैलगाडीतून गावोगाव फिरली. भीमराव कर्डकांच्या जलशाने जे काम केलं, पुढे वामनदादांच्या गाण्यांनी जे काम केलं, त्याला कसली शुद्ध वाद्यं लागली? इकडे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. परकी आहे, श्रुती नीट लागत नाहीत, म्हणून. ती बंदी १९७१पर्यंत सुटली नाही. एकतीस वर्षं रेडिओवर पेटी अस्पृश्य होती आणि आपल्या वस्तीत ती घरची होती.

तसाच आपला बेंजो. मिरवणुकीत पोरं जो बटणं दाबून वाजवतात तो मुळात जपानचा. १९१२ साली नागोयात निघालेलं वाद्य इथं येऊन बुलबुल तरंग झालं आणि महाराष्ट्राच्या गल्लीत बेंजो झालं. ज्याचं नाव त्याला मिळालं तो खरा बँजो अमेरिकेतला, आणि तो तिथं नेला गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी. ज्या काळ्या माणसांच्या पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं, त्यांच्या पूर्वजांचं वाद्य ते. गोऱ्यांनी ते घेतलं, तोंडाला काळं फासून त्यावर नकला केल्या आणि पुढे आपलंच म्हणून मिरवलं. मेंडोलिनही त्या काळ्या वस्त्यांत होतं. टेनेसीचा यँक रॅचेल नावाचा ब्लूज गाणारा सांगायचा की लहानपणी त्याने घरचं डुक्कर देऊन मेंडोलिन घेतलं. आईचा मार खाल्ला असणार. मी सहाशे रुपये दिले तेव्हा मला तो डुक्करवाला पोर आपल्याच गल्लीतला वाटला.

दुरुस्ती सविस्तर लिहितो, कुणाला उपयोगी पडेल.

हल्लीचा पांढरा सुतारी गोंद खुर्चीला ठीक, वाद्याला नको. वाळल्यावरही तो थोडा लवचीक राहतो, तारांच्या ताणाखाली जोड हळूहळू सरकतो, आणि पुन्हा उघडायचं तर लाकूड फाटतं. सरस वाळला की काचेसारखा कडक. आणि ऊब व पाणी दिलं की कधीही सुटतो. पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला वाट ठेवणारा गोंद आहे तो. सरसाचे खडे सुतारी सामानाच्या दुकानात अजून मिळतात. रात्रभर थंड पाण्यात भिजवायचे. सकाळी डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवायचा. बाबा शेजारी बसून सांगत होते, “उकळायचा न्हाई रं. उकळला की मेला. बोटाला चटका बसंल पन फोड यायचा न्हाई, इतकाच.” थर्मामीटर लावला तर साठ अंश. बाबांचं बोट आणि थर्मामीटर एकच बोलत होते.

चीर आधी धरली. आतल्या बाजूने लाकडाचे छोटे तुकडे, चिरेला आडवे, चिकटवायचे. एकूण पाच. लाकूड चाकणला मशिनं येतात त्या खोक्यांचं पाइन, हलकं आणि सरळ रेषांचं. पण भोकातून हात जात नाही, मग आत दाबून धरायचं कसं? जयंतीच्या मिरवणुकीत जळालेल्या डीजेच्या स्पीकरमधलं चुंबक भंगारात होतं. लाकडाच्या तुकड्यामागे लोखंडाची चकती ठेवली, मध्ये मेणकागद, वरून तबलीवर फडकं आणि चुंबक. टक्कन बसलं. बारा तास तसंच ठेवलं, मग पुढचा तुकडा. कामाची पाळी आणि चुंबकाची पाळी सारखीच जमली.

पाठीचा जुना थर कोमट पाण्याच्या फडक्याने काढला. लाकूड आधी गरम केलं, कारण सरस एखाद्या मिनिटात धरायला लागतो. ब्रशने लावलं आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी करून वाद्याला गच्च गुंडाळलं. ट्यूब सगळीकडून सारखी दाबते. दुसऱ्या दिवशी सोडलं, टकटक केलं. आधी फुटक्या मडक्यासारखा आवाज यायचा, आता पोटातून आला.

घोडी शिसमाच्या तुकड्यातून नवी केली. मेंडोलिनची घोडी चिकटवत नाहीत, तारांच्या दाबानेच ती उभी असते. बाराव्या पडद्यावर तार पडद्यापासून चार मिलिमीटर उंच होती, बोटं फाटली असती. फीलर गेज घालून घासत घासत दोनपर्यंत आणली. घोडीची जागा पडद्यापासून १७५ मिलिमीटरवर, आणि तार दाबल्यावर थोडी ताणते म्हणून त्याच्या किंचित मागे. कान हाच शेवटचा गेज. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि दाबून निघणारा सूर एक झाला की घोडी बरोबर बसली.

तारा हलक्या घ्याव्यात. सर्वांत बारीक पाव मिलिमीटर, सर्वांत जाड एक मिलिमीटरलाही कमी. तरी आठ तारा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण येतो. एक अख्खा माणूस त्या चिरलेल्या तबलीवर उभा राहिल्यासारखं. म्हणून एकदम चढवलं नाही. दोन दिवस थोडं थोडं पिळत गेलो. प्रत्येक पिळाला चिरेकडे बघायचो. चीर हलली नाही.

मग सूर. जाड जोडी पांढरी पाच, मग पांढरी दोन, मग पांढरी सहा, मग पांढरी तीन. प्रत्येक जोडी आधीच्या जोडीचा पंचम. व्हायोलिनच्या चार तारांची मूळ लावणी हीच. हे वाचलं तेव्हा मी उठून बसलो. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं होतं. घटना लिहिलेल्या, दुखण्याने ग्रासलेल्या त्या माणसाने कुठल्या तरी संध्याकाळी गज हातात घेतला. ते व्हायोलिन पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या सिंबायोसिसच्या आंबेडकर संग्रहालयात ठेवलंय. मी काचेपाशी बराच वेळ उभा होतो. आपण बाबासाहेबांचा कोट घेतला, बोट घेतलं, पुस्तक घेतलं. त्यांचं शिकायला बसणं, नवख्या पोरासारखं सूर चुकत चुकत वाजवणं, हेही घ्यायला पाहिजे.

डीजेबद्दल बोलतो आणि थांबतो. डीजे लावणाऱ्या पोरांना मी नावं ठेवणार नाही. ज्यांना हजारो वर्षं आवाज चढवू दिला नाही त्यांना मोठा आवाज गोड लागणारच, आणि आपल्याच जयंतीच्या आवाजावर नाक मुरडणारे स्वतःच्या वेळी कानात बोळे घालतात हेही मी बघितलंय. माझं म्हणणं एवढंच की डीजेचा आवाज भाड्याचा आहे. वर्गणीचा मोठा वाटा एका रात्रीत जातो आणि सकाळी ट्रकबरोबर आवाजही निघून जातो. वस्तीत काय उरतं? एका रात्रीच्या भाड्यात एक ढोलकी, एक पेटी आणि असली चार मेंडोलिनं उभी राहतील, आणि ती वाजवणारी पोरं वस्तीतच राहतील.

देहूरोडच्या बुद्धविहारात १९५४च्या २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्ती बसवली. १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली तीही २५ डिसेंबरचीच तारीख. दर वर्षी त्या दिवशी तिथं लोक जमतात. आमच्या पोरांनी गेल्या डिसेंबरात तिथल्या रस्त्याच्या कडेला उभं राहून गाणी म्हटली. ढोलकीवर एक दहावीतली मुलगी, मेंडोलिनवर मी. माइक नव्हता. पुढच्या चार रांगांनाच ऐकू गेलं असेल. एका मावशीने जवळ येऊन विचारलं, “ह्ये काय वाजवतुयास रं? कुठलं हाय?” मी म्हणालो, मावशी, बंगालच्या सुताराने केलंय, चाकणच्या लाकडाने जोडलंय. त्या म्हणाल्या, “मंग वाजव की, थांबलास का?”

आकडा वाचून दाखवणारा तो मित्र तेव्हा नव्हता. ठेका संपला, पोलिसांच्या चौकश्या वाढल्या, तो गावी निघून गेला. त्याला मोबाइलवर गाणं पाठवलं. उलट त्याचा निरोप आला, चार-सात नंबर ठीक चालू आहे ना, म्हणून. त्याच्या लेखी अजूनही तेच त्याचं नाव आहे.

दर रविवारी पाळी नसेल तेव्हा सकाळी दहाला मी विहाराच्या ओट्यावर बसतो. सरसाचा डबा, ट्यूबच्या पट्ट्या, दोन सी-क्लॅम्प, कानस आणि चुंबक एवढं सामान आहे. पेटीचा भाता फाटला असेल, बेंजोची बटणं अडकली असतील, माळ्यावर काही मोडकं पडलं असेल तर घेऊन या. लेबल नसलं तरी चालेल. शिकायचं असेल त्याने जुनी पॅन्ट घालून यावं, सरसाचे डाग पडतात.